उंचीवरचं काम जमिनीवर सुरू होतं

(सिद्धगडाच्या पायथ्याशी दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



आजच्या विषयाचं नाव कागदावर जरा जड दिसतं: ‘उंचीवरील काम आणि पडण्यापासून संरक्षण’. पण विषय आपल्या दारातलाच आहे. मे महिना आला की इथे काय काय होतं बघा. घर शाकारायला माणूस कौलांवर चढतो. गोठ्याचा पत्रा बदलायचा असतो. जांभळं, आंबे उतरवायचे असतात. वर घाटमाथ्यावर, आहुप्याच्या आणि भीमाशंकरच्या अंगाला, बाळहिरडा काढायला माणसं झाडावर असतात. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत पावसाआधी शेडची गळती बंद करायची घाई असते. आणि आपली कितीतरी मुलं कल्याण, ठाण्याच्या नाक्यावर उभी राहून सेंट्रिंगच्या, रंगाच्या, परांचीच्या कामाला जातात. ही सगळी उंचीवरची कामं आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा सांगतो. जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात. यात घरात पडणारे म्हातारेही आले आणि कामावर पडणारेही आले. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्याच्या खालोखाल पडण्याचाच नंबर लागतो. रस्त्याची भीती आपण मुलांना लहानपणापासून घालतो. पडण्याबद्दल मात्र ‘जपून चढ रे’ एवढंच म्हणतो. त्या ‘जपून’मध्ये नेमकं काय यायला पाहिजे, ते आज पाहायचं आहे.

उंची म्हणजे नेमकी किती?

लोकांना वाटतं, उंची म्हणजे टॉवर, उंची म्हणजे वीस मजले. अमेरिकेत बांधकामावर सहा फुटांपासून संरक्षण बंधनकारक धरतात. ब्रिटनने २००५ साली नियम केले तेव्हा आकडाच काढून टाकला. जिथून पडलं तर इजा होईल, ती उंची, असं त्यांनी ठरवलं. मला ही व्याख्या पटते, कारण तिच्यात खड्डाही येतो आणि विहीरही येते. उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर बायका विहिरीत उतरून पाणी भरतात. तीही उंचीच, फक्त वरून खाली मोजायची.

आता थोडं गणित करू. साध्या शेडची वळचण धरा पंधरा फूट. तिथून माणूस पडला तर जमिनीवर यायला एक सेकंदही पुरा लागत नाही, आणि आपटताना वेग असतो ताशी सुमारे ३४ किलोमीटर. दहा फुटांवरून पडला तर ताशी २८ किलोमीटर. म्हणजे मोटारसायकल गावातून ज्या वेगाने जाते, त्या वेगाने तो फरशीवर आपटतो.

‘पडायला लागलो की काहीतरी धरू’ असं आपण म्हणतो. आपला तोल गेला हे मेंदूला कळून हात हलेपर्यंत पाव सेकंद जातो. तेवढ्यात शरीर फूटभर खाली गेलेलं असतं. अर्ध्या सेकंदात ते चार फूट खाली असतं. धरायची वस्तू तोवर डोक्याच्या वर राहिलेली असते. पडणं सुरू झालं की माणसाच्या हातात काही उरत नाही. जे करायचं ते त्याआधी, खाली जमिनीवर उभं असतानाच करून ठेवावं लागतं.

कड्याची सवय आणि पत्र्याची फसवणूक

सिद्धगडाच्या परिसरात एक वाक्य फार ऐकू येतं. मुकादम म्हणतो, ‘ही डोंगरातली पोरं आहेत, यांना चढायची सवय असते.’ हे वाक्य कौतुकाचं वाटतं, म्हणून आपल्या पोरांनाही ते आवडतं. पण ते तपासून बघायला पाहिजे.

सवय खरी आहे. गडाच्या माचीवर माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या घरं केली, गुरं राखली. ठाकर, महादेव कोळी, कातकरी माणसं कड्याकपारीतून चालतात तेव्हा शहरातला माणूस बघत राहतो. पण ही सवय कशाची आहे? खडक वाचायची. कुठला दगड बसलेला आहे, कुठला हलतो, कुठे शेवाळ आहे, हे डोळ्यांना दिसतं आणि पायांना कळतं. शिवाय कड्यावर वाट आपण निवडतो. नको वाटलं तर मागे फिरतो. तिथे मागे उभा राहून घड्याळ बघणारं कुणी नसतं.

शेडवर यातलं काहीच नसतं. सिमेंटचा पत्रा वरून अखंड दिसतो. वीस वर्षांत तो किती कुजला, भेग कुठे गेली, हे वरून कळत नाही. उजेडासाठी मध्ये मध्ये फायबरचा पत्रा घातलेला असतो. त्यावर धूळ बसली, कुणी वरून रंग मारला, की तो बाकीच्या पत्र्यासारखाच दिसतो. पाय ठेवला की सरळ खाली. खडकाची सवय इथे उपयोगाची नाही, उलट ती घात करते, कारण सवयीचा माणूस बेधडक पाय टाकतो. नवखा निदान चाचपतो तरी.

झाडाचंही तसंच आहे. जांभळाची फांदी आंब्याच्या फांदीसारखी नसते. जाड दिसते आणि कडकन मोडते. हे जाणत्याला माहीत असतं. पण शेवटची पाटी भरायची राहिली असेल, व्यापाऱ्याची गाडी खाली उभी असेल, तर जाणताही टोकापर्यंत जातो.

म्हणून ‘सवय आहे’ हे वाक्य कानावर आलं की समजायचं, समोरच्याने काहीच व्यवस्था केलेली नाही. व्यवस्था असती तर त्याला सवयीचं नाव काढावं लागलं नसतं.

आधी टाळा, मग अडवा, शेवटी झेला

जगभर या कामाचा एक क्रम ठरलेला आहे. तीन शब्दांत सांगतो: टाळा, अडवा, झेला. क्रम महत्त्वाचा आहे. आपण नेमके उलटे जातो, थेट तिसऱ्यावर उडी मारतो. पट्टा घेतला म्हणजे झालं, असं आपल्याला वाटतं.

पहिलं, टाळा. हे काम वर न चढता होईल का? दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आंब्यासाठी ‘नूतन झेला’ काढला. लांब काठीला पातं आणि जाळी. जमिनीवर उभं राहून देठासकट आंबा उतरतो, फळ डागाळत नाही. तो फळाच्या प्रतीसाठी चांगला म्हणून लोकांनी घेतला, पण तो माणसाचाही जीव वाचवतो हे फारसं कुणी बोलत नाही. शेडचं काम असेल तर कैची खाली जमिनीवर जोडून, रंगवून मग वर चढवता येते. म्हणजे वर करायचं काम चार दिवसांवरून एका दिवसावर येतं. जितका वेळ वर कमी, तितका धोका कमी.

दुसरं, अडवा. चढावंच लागणार असेल तर पडताच येऊ नये अशी सोय करा. गच्चीच्या कडेला, जिन्याच्या मोकळ्या बाजूला, लिफ्टच्या रिकाम्या खड्ड्याच्या तोंडाशी कठडा हवा. वरचा दांडा कमरेच्या वर, साधारण एक मीटरवर. मध्ये आणखी एक आडवा दांडा. पायाशी फळी, म्हणजे हातोडी, वीट खालच्याच्या डोक्यावर जाणार नाही. बांबू आणि चांगला दोर असला तरी हे होतं. भोकावर नुसतं प्लायवूड टाकून चालत नाही. ते ठोकून पक्कं करायचं, नाहीतर कुणीतरी ते उचलतो आणि भोक दिसायच्या आत त्यातच पाऊल टाकतो.

सिमेंटच्या पत्र्यावर चालायचंच असेल तर पायफळी वापरा. रुंद, जाड फळी, खालच्या दोन-तीन लोखंडी आधारांवर टेकेल एवढी लांब. एक नाही, दोन घ्या. एकीवर उभं राहायचं, दुसरी पुढे सरकवायची. नुसत्या पत्र्यावर पाय ठेवायचाच नाही. बोल्टची रांग बघून तिच्यावरून चालणारे असतात. बोल्टच्या खाली आधार असतो हे खरं, पण चालताना पाय सहा इंच सरकला की संपलं. दोरीवरची कसरत आणि हे यात फारसा फरक नाही.

शिडीचं एक सोपं माप लक्षात ठेवा. चार फूट उंचीला एक फूट बाहेर. भिंतीला बारा फुटांवर शिडी टेकली असेल तर तिचा पाय भिंतीपासून तीन फूट लांब. यापेक्षा जवळ ठेवली तर माणसासकट मागे येते, फार लांब ठेवली तर खालून घसरते. छपरावर उतरायचं असेल तर शिडी कडेच्या वर तीन फूट गेली पाहिजे, धरायला काहीतरी हवं. वरचं टोक बांधा. ते बांधून होईपर्यंत एकाने खाली शिडी धरून उभं राहायचं.

परांची काथ्याने बांधलेली असेल तर पहिल्या पावसानंतर प्रत्येक गाठ पुन्हा बघा. ओला काथ्या कुजतो, वाळताना सैल पडतो. परांची मागच्या महिन्यात मजबूत होती याला काही अर्थ नाही. आज सकाळी ती कशी आहे, एवढंच बघायचं.

या दोन्ही गोष्टी जमत नाहीत, तेव्हा तिसरं. झेला. म्हणजे पट्टा.

पट्टा काय करतो?

दहीहंडी सगळ्यांनी पाहिलेली आहे. ठाण्यात मोठ्या हंड्यांना सर्वांत वरच्या गोविंदाच्या अंगात पट्टा असतो आणि वरून, क्रेनवरून, दोर आलेला असतो. खालचा थर कोसळतो, सगळे गडगडत खाली येतात, आणि तो छोटा गोविंदा हवेत तसाच लटकतो. का? कारण दोर वरून आहे आणि ताणलेला आहे. त्याला पडायला जागाच मिळाली नाही. पट्ट्याचं सगळं शास्त्र या एका दृश्यात आहे.

आता तोच दोर गोविंदाच्या पायाशी बांधला असता तर? दोर दोन मीटरचा, आणि पट्ट्याची कडी पाठीवर, पायापासून दीड मीटर वर. तो पडला तर आधी दीड मीटर कडी पायाच्या पातळीला येईपर्यंत, मग आणखी दोन मीटर दोर संपेपर्यंत. म्हणजे साडेतीन मीटर मोकळं पडणं. नंतर जोराचा हिसका.

हिसका किती जोराचा? ८० किलोचा माणूस दोन मीटर पडला आणि दोराने त्याला दहा सेंटिमीटरमध्ये थांबवलं, तर शरीरावर सरासरी त्याच्या वजनाच्या २१ पट भार येतो. १,६८० किलो. जुने पट्टे नुसते कमरेचे असत. एवढा भार कमरेवर आला तर मणका जातो, पोटातले अवयव फाटतात, किंवा माणूस उलटा होऊन पट्ट्यातून निसटतो. म्हणून पडणाऱ्याला झेलायला नुसता कमरपट्टा वापरायचा नाही. खांद्यावरून आणि मांड्यांतून जाणारा, पाठीवर कडी असलेला पूर्ण अंगाचा पट्टा हवा. भारतीय मानक आयएस ३५२१ हे याच वस्तूंसाठी आहे. खरेदी करताना तो आकडा आणि खूण बघा.

दोराला एक जाडसर पाकीट शिवलेलं असतं. पुष्कळ जण ते अडचण म्हणून कापून टाकतात. मंडळी, जीव त्या पाकिटात आहे. आत घड्या घालून शिवलेली पट्टी असते. हिसका बसला की शिवण टराटरा उसवत जाते आणि माणूस हळूहळू थांबतो. दहा सेंटिमीटरऐवजी एक मीटरमध्ये थांबला, तर तोच भार २१ पटींवरून तिपटीवर येतो. युरोपच्या मानकात शरीरावरचा धक्का साधारण सहाशे किलो वजनाइतक्यावर रोखला जातो, तो या उसवणाऱ्या शिवणीमुळेच. एकदा उसवलेला दोर पुन्हा वापरायचा नाही. आणि त्याच पडण्यात वापरलेला पट्टाही टाकून द्यायचा.

इथे गोरखगड-मच्छिंद्रला गिर्यारोहक येतात. त्यांच्या दोरात ताण घेण्याची लवचिकता असते. तो बघून कुणी साधा नायलॉनचा, गुरं बांधायचा दोर कमरेला गुंडाळू नका. दोन्ही दोर दिसायला सारखे असतात, पण गुरांचा दोर तसा ताणत नाही, हिसका थेट हाडाला देतो.

चढण्यापूर्वीचे तीन प्रश्न

पट्टा अंगात आहे, दोर आहे, पाकीट आहे. तरीही वर जाण्याआधी जमिनीवर उभं राहून तीन प्रश्न विचारायचे. एकाचंही उत्तर नसेल तर पट्टा नुसता शोभेचा आहे.

पहिला प्रश्न: बांधायचं कशाला? अमेरिकेतला नियम एका माणसासाठी ५,००० पौंड ताकदीचा आधार मागतो. म्हणजे सुमारे २,२७० किलो. सोप्या भाषेत, दोन छोट्या मोटारी टांगता येतील असा आधार. पाण्याचा पाइप, डिशचा खांब, अर्ध्या विटेचा कठडा, पत्र्याचा हूक, परांचीचा बांबू, यांच्यावर तुम्ही मोटार टांगाल का? नाही ना? मग तिथे माणूसही बांधू नका. इमारतीचा मुख्य खांब, तुळई, कैचीचा मूळ सांगाडा, या जागा. आणि शक्यतो डोक्याच्या वर. आधार लांब, बाजूला असेल तर पडलेला माणूस घड्याळाच्या लंबकासारखा झुलतो आणि भिंतीवर जाऊन आदळतो, हेही ध्यानात ठेवा.

दुसरा प्रश्न: खाली जागा किती आहे? हा प्रश्न जवळजवळ कुणी विचारत नाही. दोन मीटरचा दोर. शिवण पूर्ण उसवली तर आणखी पावणेदोन मीटर. पाठीच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर. आणि एक मीटर राखीव. बेरीज सव्वासहा मीटर, म्हणजे वीस फुटांच्या वर. ही जागा आधाराच्या खाली मोकळी हवी. आता आपली शेड आहे पंधरा फुटांची, आणि दोर बांधला छपरावरच, पायाच्या पातळीला. काय होईल? पट्टा अगदी उत्तम, दोर नवा, गाठ पक्की, आणि माणूस पट्ट्यासकट जमिनीवर आपटेल. पट्ट्याचं काम पुरं होण्याआधीच जमीन येते. अशा कमी उंचीवर दोर इतका आखूड ठेवायचा की माणूस कडेपर्यंत पोचूच नये. किंवा वरून टांगलेला, झटका बसताच अडकणारा, आपोआप गुंडाळला जाणारा ब्लॉक वापरायचा. किंवा सरळ परांची उभी करायची.

तिसरा प्रश्न: उतरवणार कोण? पट्ट्याने झेललं, माणूस लटकतोय, सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पण धोका संपलेला नाही. पट्टा मांड्यांत दाबतो, पाय हलत नाहीत, रक्त पायात साठतं, मेंदूला कमी पडतं. काही मिनिटांत माणूस बेशुद्ध होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. अशा वेळी अग्निशमन गाडीची वाट बघत बसायला आपल्या खेड्यात वेळ नसतो. शिडी कुठे आहे, कोण चढणार, कसा खाली घेणार, हे काम सुरू होण्याआधी ठरलेलं हवं. लटकणाऱ्याने पाय हलवत राहायचं, दोराचा फास करून त्यात पाय रोवून उभं राहायचा प्रयत्न करायचा. आणि एकट्याने उंचीवर काम करायचं नाही. खाली हाक ऐकणारं कुणीतरी पाहिजे.

पट्टा जिथे हरतो

आता जे सांगणार आहे ते आपल्याच तालुक्यांच्या शेजारचं आहे. ३१ जुलै २०२३ च्या रात्री, तारीख उलटून १ ऑगस्ट लागली तेव्हा, शहापूर तालुक्यात सरलांबे इथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचं काम चालू होतं. तुळया चढवणारं अजस्र यंत्र उंच खांबांवरून कोसळलं. वीस माणसं गेली. त्यानंतर बरोबर चाळीस दिवसांनी, १० सप्टेंबर २०२३ ला, ठाण्यात बाळकुमला एका चाळीस मजली इमारतीत गच्चीचं गळतीरोधक काम आटोपून मजूर खाली येत होते. बांधकामाची लिफ्ट कोसळली. सात जण गेले.

एकाच जिल्ह्यात, चाळीस दिवसांत सत्तावीस माणसं. या दोन्ही ठिकाणी प्रत्येकाच्या अंगात उत्तम पट्टा असता तर काय झालं असतं? फारसं काही नाही. ज्या यंत्राला तुम्ही बांधलेले आहात तेच पडत असेल, तर पट्टा तुम्हाला त्याच्याबरोबर खाली नेतो. लिफ्टच्या पिंजऱ्यात पट्टा काय करणार?

हे ऐकून ‘मग पट्ट्याचा उपयोग काय’ असं म्हणू नका. मुद्दा वेगळा आहे. पट्टा ही मजुराच्या अंगावरची वस्तू. यंत्राची तपासणी, लिफ्टची देखभाल, आधाराची ताकद, रात्री काम करायचं की नाही, हे मजुराच्या हातात नसतं. ते काम देणाऱ्याच्या हातात असतं. अपघात झाला की पहिला प्रश्न येतो, ‘पट्टा घातला होता का?’ तो प्रश्न मेलेल्याला विचारलेला असतो. त्याच्या आधीचे सगळे प्रश्न जिवंत माणसांना विचारायचे असतात.

सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. दरवर्षी त्या तारखेला पहाटे थंडीत माणसं इथे जमतात. ती तारीख आपण विसरलो नाही. सरलांब्याची तारीख किती जणांच्या लक्षात होती, हे मनातल्या मनात विचारून बघा. त्याच महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. आपण त्यावरून जातो.

कायदा आणि आपण

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने, कलम ३२ मध्ये, पडण्याची शक्यता असलेल्या उंचीवर कठडा किंवा अन्य व्यवस्था करण्याची जबाबदारी कारखान्यावर टाकली. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली वेगळा कायदा झाला. २०२० साली संसदेने हे सगळं एकत्र करणारी संहिता मंजूर केली. कायद्याची दिशा पहिल्यापासून एकच आहे: जो काम देतो त्याने व्यवस्था करायची.

पण १९९६ च्या कायद्यात एक मोकळी जागा होती. दहापेक्षा कमी मजूर असलेली कामं त्यात येत नव्हती. स्वतःच्या राहण्यासाठी बांधलेलं, दहा लाखांच्या आतलं घरही येत नव्हतं. म्हणजे आपल्या गावातली जवळजवळ सगळी कामं. माझ्या गोठ्याचा पत्रा बदलायला मी दोन माणसं बोलावतो, तेव्हा तिथे निरीक्षक येत नाही. तिथे मालकही मी, मुकादमही मी आणि निरीक्षकही मीच. म्हणून हे व्याख्यान वर चढणाऱ्यांइतकंच त्यांना वर चढवणाऱ्यांसाठी आहे. मजुरी ठरवताना शिडी, पायफळी आणि खाली उभं राहणारा तिसरा माणूस यांचाही खर्च धरा. तो धरला नाही तर तो दुसऱ्याच्या घरातून वसूल होतो.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: बांधकाम कामगार मंडळाच्या पेटीत पट्टा मिळाला आहे. तो चालेल का?*

चालेल, पण आधी बघून घ्या. पट्टी कुठे कापली, जळली, विरली आहे का, शिवण धडधाकट आहे का, कडीला तडा किंवा गंज आहे का, आकड्याचं कुलूप बसतं का. उन्हात, सिमेंटच्या धुळीत, बॅटरीच्या ॲसिडजवळ पट्टा ठेवू नका. आणि पेटीतून पट्टा येतो, बांधायचा आधार येत नाही, एवढं लक्षात ठेवा. तो कामाच्या जागेवर ठेकेदाराने द्यायचा असतो. ज्यांची नोंदणी नाही त्यांनी ती करून घ्या. वय १८ ते ६०, आणि वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो.

*प्रश्न: पट्टा घातला की काम होत नाही. हात अडकतात.*

बरोबर आहे. चुकीच्या मापाचा, सैल पट्टा अडकतोच. मांडीच्या पट्ट्यातून सपाट हात जावा, मूठ जाऊ नये, एवढा घट्ट करा. आणि सारखं सोडावं-बांधावं लागत असेल तर दोन आकड्यांचा दोर घ्या. एक लावल्याशिवाय दुसरा काढायचा नाही.

*प्रश्न: मुकादम म्हणतो, चढ नाहीतर घरी जा. काय करायचं?*

एकट्याने नाही म्हणणं फार कठीण आहे, हे मला मान्य आहे. संध्याकाळच्या मजुरीवर घर चालतं. म्हणून गावातून चार-पाच जण एकत्र जात असाल तर निघण्याआधीच आपसात ठरवा की कुजलेल्या पत्र्यावर पायफळीशिवाय कुणी जाणार नाही. एकाला घरी पाठवता येतं, पाचांना पाठवलं तर काम थांबतं. आणि ‘नाही’ म्हणण्याऐवजी मागणी करा: ‘दोन फळ्या द्या, लगेच चढतो.’ बरेचदा फळ्या मिळतात. मागितल्या नव्हत्या म्हणून दिल्या नव्हत्या, असंही निघतं.

*प्रश्न: कुणी पडलाच तर पहिलं काय करायचं?*

१०८ ला फोन. तो शुद्धीवर असला, ‘काही झालं नाही’ म्हणाला, तरी उठवून बसवू नका. खांद्याला आणि पायाला धरून झोळीसारखं उचलू नका, मणका मोडला असेल तर तेवढ्यानेच कायमचं अपंगत्व येतं. मान आणि डोकं सरळ, स्थिर धरा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. श्वास बघत राहा. हलवायचंच असेल तर सपाट फळीवर, चार जणांनी, एका दमात.

पावसाळा तोंडावर आहे. उद्यापासून शाकारणीची घाई सुरू होईल. कुणाला छपरावर पाठवण्याआधी पाच मिनिटं खाली उभे राहा आणि तीन प्रश्न विचारा. बांधायचं कशाला, खाली जागा किती, उतरवणार कोण. आणि त्याही आधी विचारा, चढायलाच हवं का?